आयुष मंत्रालय आणि एफएसएसएआय, दोघांना मिळून एकच खुलं पत्र: टेन्शनच्या या बाटल्यांना वाली कोण?

प्रति,
माननीय अधिकारीवर्ग,
आयुष मंत्रालय आणि एफएसएसएआय (भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण), नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

विषय आहे टेन्शन आणि झोपेसाठी विकल्या जाणाऱ्या अश्वगंधेच्या बाटल्यांचा. दोघांना एकाच पत्रात घेतलंय कारण वेगवेगळं लिहिलं तर काय होणार ते ठरलेलं आहे, तुम्ही म्हणणार हा विषय त्यांचा आणि ते म्हणणार हा तुमचा. ती टोलवाटोलवी आम्ही काउंटरवर रोज झेलतो. म्हणून सगळ्यांसमोरच विचारते.

माझं पुण्यात पेठेत मेडिकल आहे. मी फार्मासिस्ट, दुकान सासऱ्यांच्या वेळचं. आजूबाजूला सगळ्या अभ्यासिका, खानावळी आणि कॉट बेसिसच्या खोल्या, त्यामुळे निम्मं गिऱ्हाईक म्हणजे एमपीएससीची पोरं. परीक्षा पुढे ढकलली, निकाल लागला, मेरिट एका मार्काने हुकलं की त्याच संध्याकाळी दुकानात कळतं. ऍसिडिटीच्या गोळ्या जातात, बाम जातो आणि आता गेल्या काही वर्षांत नवीन सुरू झालंय, पोरगं मोबाईल पुढे करतं, "ताई, हे आहे का?" स्क्रीनवर अश्वगंधा गमीज, म्हणजे चघळायच्या गोड गोळ्या, नाहीतर कुठल्यातरी 'काम' नावाच्या कॅप्सूल. काम म्हणजे आपलं काम नाही, इंग्रजीतलं, शांत वालं. असो.

आधीच सांगते, मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही. तसलं काही डोक्यात धरून कुणी कमेंटमध्ये भांडायला येऊ नका. आमच्या समोरच्याच वाड्यात वैद्य बसतात, त्यांची चिठ्ठी घेऊन येणारे लोक मी ओळखते, नाडी बघून, पोट साफ होतं का विचारून, पथ्य सांगून ते देतात आणि बंद कधी करायचं तेही सांगतात. अश्वगंधेने काहीच होत नाही असंही माझं म्हणणं नाही. मुळाच्या अर्कावर बऱ्यापैकी ट्रायल झाल्यात, त्यात ताण आणि झोप या दोन्हीत थोडा फरक दिसलाय. पण त्या बहुतेक छोट्या, काही आठवड्यांच्या. तीन महिन्यांच्या पुढे रोज घेतलं तर काय, याची माहिती फार कमी आहे. आणि माझ्याकडचा पोरगा प्रीलिम्सला सुरू करतो ते पुढच्या वर्षीच्या मेन्सपर्यंत चालू.

आणखी एक, या मालावर आम्हाला मार्जिन औषधांपेक्षा चांगलं मिळतं, वर स्कीम. म्हणजे हे पत्र लिहून मी स्वतःच्याच पोटावर पाय आणतेय, तेव्हा हेतूवर शंका नको.

आता मुद्दे.

एक. माझ्या रॅकवर दोन बाटल्या शेजारी शेजारी आहेत. दोन्हीत अश्वगंधा. पहिलीवर लिहिलंय आयुर्वेदिक प्रोप्रायटरी मेडिसिन, राज्याचं औषध लायसन्स, म्हणजे आयुषच्या बाजूची. दुसरीवर एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर आणि हेल्थ सप्लिमेंट, म्हणजे कायद्याने ते अन्न. मागे बारीक अक्षरात 'नॉट फॉर मेडिसिनल यूज', जे तुमच्या २०१६ च्या रेग्युलेशनप्रमाणे लिहावंच लागतं. आणि पुढे? पुढे ठळक मोठ्या अक्षरात स्ट्रेस रिलीफ, डीप स्लीप, एका डोक्याचं चित्र आणि त्यातून निघणारी पानं. आता मला सांगा, टेन्शन घालवायला घ्यायचं पण औषध म्हणून घ्यायचं नाही, हे गिऱ्हाइकाने समजायचं कसं? एकच मूळ एका दारातून आत आलं की औषध आणि दुसऱ्या दारातून आलं की खाऊ. कंपनीला जे दार सोपं पडेल त्यातून ती येते. आणि आयुर्वेदिक औषध विकायला तर किरकोळ विक्रीचं औषध लायसन्स लागतच नाही, त्यामुळे जिममध्ये आहे, पार्लरमध्ये आहे, किराणा दुकानात बडीशेपेच्या शेजारी आहे. तिथे विचारायला फार्मासिस्ट नाही आणि असावा असं कुणाचं म्हणणंही नाही.

दोन. आकडा. बाटलीवर 'अश्वगंधा ५०० मिग्रॅ' असं लिहिलेलं असतं. कसलं ५००? साध्या मुळाची पूड असेल तर आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत ग्रंथात, चूर्णाची मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम आहे, म्हणजे अर्धा ग्रॅम हा नुसता शिंतोडा झाला, नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा. पण तेच ५०० जर अर्काचे असतील तर प्रकरण वेगळं, कारण ट्रायलमध्ये साधारण ३०० ते ६०० मिग्रॅ अर्कच रोज दिलेला असतो. म्हणजे एकाच आकड्याचे दोन अर्थ, एकात जवळजवळ काही नाही आणि दुसऱ्यात पूर्ण डोस. काही कंपन्या विथॅनोलाइडचं, म्हणजे अश्वगंधेतल्या मुख्य द्रव्याचं, प्रमाण लिहितात, काही लिहित नाहीत. गमीजचं तर विचारूच नका, दोन गमीत किती आणि एका गमीत किती हे शोधताना मीच गोंधळते. त्यात त्या गोड, स्ट्रॉबेरीच्या चवीच्या. पोरं चॉकलेटसारख्या खातात, रात्री जागताना मूठभर.

तीन. मूळ की पान? आयुष मंत्रालयाला आठवण करून देते, ऑक्टोबर २०२१ मध्ये तुम्हीच कळवलं होतं की अश्वगंधेची पानं वापरू नका, मूळच वापरा. बरोबर होतं ते. पानात विथाफेरिन ए नावाचं द्रव्य जास्त असतं आणि पानाच्या वापराबद्दल शास्त्रात पुरेसा आधार नाही. पण धंद्याचं गणित उलटं आहे. मूळ काढायचं तर अख्खं झुडूप उपटावं लागतं, पाच सहा महिने वाढवून. पान तर आयतंच मिळतं, फुकटच्या भावात. पानाचा अर्क मिसळला की कागदावर विथॅनोलाइडचा टक्का झकास दिसतो. मग तुमचं ते पत्र निघाल्यावर बाटल्यांवर काय बदललं? मी उत्सुकतेने एकदा रॅकवरच्या सगळ्या बाटल्या काढून बघितल्या. काहींवर स्पष्ट 'रूट एक्स्ट्रॅक्ट' होतं, काहींवर नुसतं अश्वगंधा एक्स्ट्रॅक्ट, झाडाचा कुठला भाग ते शोधूनही सापडलं नाही. माझ्याकडे लॅब नाही. तुमच्याकडे आहेत.

चार. हा माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे, त्यामुळे लांबला तर लांबू दे.

आमच्याकडे येणाऱ्या एक काकू आहेत, बँकेतून रिटायर झालेल्या, थायरॉईडची गोळी कित्येक वर्षं चालू, सकाळी उपाशीपोटी, अगदी शिस्तीत. मध्यंतरी घरी आजारपण झालं, झोप लागेना. भाच्याने प्रेमाने ऑनलाइन कॅप्सूल मागवून दिल्या, 'नॅचरल आहे, घे बिनधास्त.' काही आठवड्यांनी काकू दुकानात आल्या त्या टेकूनच उभ्या राहिल्या. छातीत धडधड, हाताला कंप, घाम, झोप होती तीही गेली. आणि गंमत बघा, धडधडतंय म्हणजे टेन्शन वाढलं असं समजून त्यांनी कॅप्सूल दोनच्या तीन केल्या होत्या! टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, काढली तर एकदम तळाला, म्हणजे शरीरात थायरॉईडचं हार्मोन जास्त झालेलं. डॉक्टर गोळीचा डोस बघतायत, बरोबर आहे, कंपनी तीच, मग हे कशाने. शेवटी त्यांनी विचारलं, आणखी काही घेता का? काकू म्हणाल्या, "नाही हो, औषध काहीच नाही. नुसतं ते आयुर्वेदिक."

कॅप्सूल बंद केल्या, पुढचा रिपोर्ट जागेवर आला. हे त्या कॅप्सूलमुळेच झालं असं मी छातीठोकपणे नाही सांगू शकत, एका माणसावरून तसं सांगता येत नाही आणि म्हणून कंपनीचं नावही घेत नाही. पण अश्वगंधा थायरॉईडचं हार्मोन वाढवू शकते ही काही गुपित गोष्ट नाही, त्यावर पेपर आहेत, केसेस नोंदलेल्या आहेत. त्या दिवशी काकूंची बाटली आणि मी, दोघी ट्यूबलाइटखाली. एक्सपायरी वाचायला दुकानात भिंग ठेवलेलं असतं ते घेतलं. थंड व कोरड्या जागी ठेवा. मुलांच्या हाती लागू देऊ नका. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी डॉक्टरांना विचारा. रोजच्या आहाराला पर्याय नाही. संपलं. थायरॉईड हा शब्द नाही. शुगरच्या, बीपीच्या, झोपेच्या गोळ्या चालू असतील तर विचारा, हेही नाही, आणि या तिन्हींबरोबर अश्वगंधेचं जमत नाही किंवा परिणाम वाढू शकतो हे आम्हाला माहीत असतं.

एफएसएसएआयला विचारते, तुमच्या २०१६ च्या रेग्युलेशनमध्येच आहे ना, लेबलवर धोक्याच्या सूचना, माहीत असलेले साइड इफेक्ट, कुणी घेऊ नये आणि कुठल्या औषधांशी भांडण होतं हे लिहा म्हणून? त्याच्या पुढे एक 'लागू असेल तसं' लावून ठेवलंय आणि त्या फटीतून अख्खा ट्रक जातो. लागू आहे की नाही हे ठरवतो कोण, तर कंपनी. मग कशाला लागू होईल?

यकृताचंही तसंच. २०२० मध्ये आइसलँड आणि अमेरिकेतल्या केसेस आल्या, २०२३ मध्ये तर आपल्याच देशातल्या वेगवेगळ्या हॉस्पिटलांनी मिळून पेपर लिहिला, त्यात नुसती अश्वगंधा घेऊन कावीळ झालेले पेशंट होते आणि आधीच लिव्हर खराब असलेल्यांमध्ये मृत्यूसुद्धा. दुर्मिळ आहे, मान्य. लाखो लोक घेतात आणि त्यांना काही होत नाही. पण ज्याला होतं त्याला डोळे पिवळे झाल्यावर बाटली बंद करायची हे कळायला नको का? तेवढ्यासाठी एक ओळ लागते. डेन्मार्कने २०२३ मध्ये सरळ बंदीच घातली. आपणही घाला असं मी म्हणत नाही, बंदी म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, त्यात चिठ्ठी देणारे वैद्य अडकतील आणि गमीवाले नाव बदलून परत येतील.

पाच. आमच्यावर नियम किती आहेत ते बघा जरा. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम ही चिंतेची आणि झोपेची औषधं शेड्यूल एच१ मध्ये, मार्च २०१४ पासून. चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, रजिस्टरला डॉक्टरचं नाव पत्ता, पेशंटचं नाव, किती दिल्या ते लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. योग्यच आहे, माझी तक्रार नाही. पण तोच पेशंट झोल्पिडेमची स्ट्रिप घेऊन वळतो आणि मागच्या रॅकवरून अश्वगंधा, जटामांसी, तगर असं सगळं एकत्र असलेली झोपेची कॅप्सूल उचलतो. दोन्हींनी गुंगी येते. पहिल्याची नोंद माझ्या रजिस्टरला, दुसऱ्याची कुठेच नाही. मी तोंडी सांगते, "दोन्ही एकदम घेऊ नका हं, आणि त्यावर गाडी चालवू नका." ऑनलाइन घेणाऱ्याला कोण सांगणार, डिलिव्हरी बॉय?

जटामांसीवरून आठवलं, ती हिमालयातली वनस्पती पार संपायला आलीये, आंतरराष्ट्रीय यादीत अतिसंकटग्रस्त आहे. तरी स्वस्तातल्या कॅप्सूलमध्येसुद्धा ती असतेच असते. कुठून येते इतकी? हा वेगळ्या पत्राचा विषय आहे, पण विचारून ठेवते.

सहा. जाहिराती. डिसेंबर २०१८ मध्ये औषध नियमांत १७० नंबरचा नियम आणलात, की आयुर्वेदिक, सिद्ध, युनानी औषधाची जाहिरात करायच्या आधी राज्याच्या अधिकाऱ्याकडून मंजुरी घ्या. चांगला नियम होता. मग ऑगस्ट २०२३ मध्ये आयुष मंत्रालयानेच राज्यांना पत्र पाठवलं की या नियमाखाली कारवाई करू नका. १ जुलै २०२४ ला नियमच वगळला. सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२४ मध्ये त्याला स्थगिती दिली तेव्हा आम्हाला वाटलं चला, कुणीतरी बघतंय. ऑगस्ट २०२५ मध्ये ती केस बंद झाली, स्थगिती उठली आणि नियम गेला तो गेलाच. आता राहिला १९५४ चा मॅजिक रेमेडीज कायदा, ज्यात जाहिरात छापून झाल्यावर, लोकांनी बघितल्यावर, कुणी तक्रार केली तर पुढे काहीतरी. आणि रील तर चोवीस तासांत लाखभर लोक बघतात हो. परीक्षेच्या तोंडावर तर माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक पोराच्या फीडमध्ये कुणीतरी जिममधला दादा 'कॉर्टिसॉल कमी करा' सांगत असतो, खाली डिस्काउंट कोड. कॉर्टिसॉल म्हणजे काय विचारलं तर पोरगं म्हणतं, "टेन्शनचं केमिकल, ताई." कोचिंगवाले कमी पडले म्हणून आता हेही शिकवायला लागले.

आणि आयुष मंत्रालय, एकीकडे तुमच्या राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने अश्वगंधेच्या प्रचाराची खास मोहीम काढायची आणि दुसरीकडे जाहिरातीवरचा चाप काढून टाकायचा, हे दोन्ही एकदम कसं चालेल? प्रचार करायचा तर त्याच पोस्टरवर कुणी घेऊ नये तेही लिहा.

सात. तक्रार कुठे करायची? मे २०२५ मध्ये आयुष सुरक्षा नावाचं पोर्टल काढलंत. छान केलंत, पण आमच्या रस्त्यावरच्या एकाही मेडिकलवाल्याला मी सांगेपर्यंत ते माहीत नव्हतं. आणि काकूंची बाटली निघाली एफएसएसएआयवाली, म्हणजे अन्न, म्हणजे तिची वाट वेगळी. अहो, धडधडणाऱ्या बाईने आधी बाटली उलटी करून लायसन्स नंबर शोधायचा, मग ते औषध की अन्न ते ठरवायचं, मग त्याप्रमाणे पोर्टल उघडायचं? अशाने तुमच्याकडे नोंदी येणार नाहीत आणि मग तुम्हीच म्हणणार, आमच्याकडे तर फारशा तक्रारीच नाहीत.

तर आता मागण्या सांगते, फार नाहीत.

ताण, झोप, चिंता यासाठी विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वनस्पतीच्या गोळी, कॅप्सूल, गमीवर, लायसन्स कुठलंही असो, एकसारखी सूचना ठळक अक्षरात हवी. 'लागू असेल तसं' काढून टाका आणि मजकूर तुम्ही ठरवून द्या: थायरॉईड, शुगर, बीपी, झोपेच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील, लिव्हरचा त्रास असेल, गरोदर असाल तर विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, छातीत धडधडलं तर लगेच बंद करून डॉक्टरांकडे जा. महाराष्ट्रात विकताय तर मराठीत. सिगरेटच्या पाकिटावर जागा निघते तर इथेही निघेल.

झाडाचा भाग, पूड की अर्क, आणि अर्क असेल तर विथॅनोलाइड किती, हे पुढच्या बाजूला लिहायला लावा. पानाबद्दलचं २०२१ चं पत्र दोन्ही खात्यांनी मिळून सक्तीचा नियम करा आणि बाजारातले नमुने उचलून तपासा, रिपोर्ट कंपनीच्या नावासकट वेबसाइटवर टाका.

अन्न म्हणून लायसन्स घेतलंय त्याने पुढच्या बाजूला आजार बरा करण्याची भाषा वापरायची नाही. वापरायची असेल तर औषध म्हणून या, त्याचे नियम पाळा.

जाहिरातीला आधी मंजुरी हा नियम परत आणा, रील आणि डिस्काउंट कोडसकट. मंजुरीचा नंबर जाहिरातीवर दिसला पाहिजे म्हणजे आम्हालाही तपासता येईल.

तक्रारीला एकच नंबर, एकच फॉर्म, बाटलीवर क्यूआर. आत गेल्यावर ते कुठल्या खात्याचं ते तुमचं तुम्ही वाटून घ्या. आणि मेडिकलवाल्यांनाही त्यात नोंद करता आली पाहिजे, आम्हाला पहिलं कळतं.

शेवटचं, ज्या डब्यावर 'स्ट्रेस' हा शब्द असेल त्यावर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर छापणं सक्तीचं करा. सरकारचाच आहे, फुकट आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, मराठीत बोलतात. मी तो कागदावर लिहून काउंटरच्या काचेखाली ठेवलाय. अभ्यासिकेतली काही पोरं गमीज विचारायला येतात आणि त्याचा फोटो काढून नेतात. परवा एक जण महिन्याच्या गमीजचे पैसे वाचले म्हणून हसत सांगत होता, मला गिऱ्हाईक गेल्याचं वाईट वाटलं नाही.

हे पत्र स्पीड पोस्टाने दोन्हीकडे पाठवतेय. उत्तर द्याल तेव्हा त्यात एवढं स्पष्ट लिहा की पुढच्या वेळी एखाद्या काकू अशी बाटली घेऊन आल्या तर मी तुमच्यापैकी कुणाला फोन करायचा. नाव आणि नंबर द्या, तोही काचेखाली लावते.

आपली,
एक फार्मासिस्ट, पुणे ३०